उलाळ : सरळ रेषेतील शर्यत, वाहनाचा तोल आणि स्प्रिंगची निवड – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वेगाचा इतिहास लिहिताना आपले लक्ष साधारणतः ओढणाऱ्या शक्तीकडे जाते. बैल किती ताकदीचा, घोडा किती चपळ, इंजिन किती अश्वशक्तीचे, असे प्रश्न आपण विचारतो. ती शक्ती जमिनीवर उतरते कशी आणि वाहनाचा भार त्या क्षणी कोठे असतो, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात अभावानेच येतो. वास्तविक शर्यत जिंकणाऱ्याला हाच प्रश्न सर्वप्रथम सोडवावा लागतो. विदर्भातील धुरकरी तो छकड्यावर आपले शरीर पुढेमागे करून सोडवतो, तर मोटार शर्यतीतील स्पर्धक तो गाडीच्या स्प्रिंगा बदलून सोडवू पाहतो.

मराठीत बैलगाडीच्या संदर्भात ‘उलाळ’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. गाडीत मागच्या बाजूला भार अधिक झाला की पुढची दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठू लागते. अशा वेळी गाडी ‘उलाळ झाली’ असे म्हणतात. आधुनिक वाहन अभियांत्रिकी ज्याला वेगवाढीमुळे होणारे भाराचे स्थलांतर म्हणते, त्याच्याशी निकटचे नाते सांगणारी कल्पना आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत या एका शब्दात सामावलेली आहे. प्रस्तुत निबंधात या शब्दाचा आधार घेऊन एका मर्यादित, परंतु आजच्या तरुणांच्या दृष्टीने महत्त्वाच्या प्रश्नाचा विचार केला आहे. सरळ रेषेत धावणाऱ्या शर्यतीसाठी, म्हणजे ‘ड्रॅग रेस’साठी, मोटारीला नरम स्प्रिंगा बसवून ती ठेंगणी करावी ही कल्पना आली कोठून आणि आपल्याकडील मोटारींना ती कितपत लागू पडते, हा तो प्रश्न होय.

येथे शब्दयोजनेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. वाहनाच्या ‘सस्पेन्शन’साठी काही ग्रंथांत ‘निलंबन’ हा पर्याय वापरलेला आढळतो. तथापि महाविद्यालयीन वाचकांच्या मनात त्या शब्दाने वेगळीच चिंता उत्पन्न होण्याचा संभव असल्याने येथे स्प्रिंग, कमानपाटे आणि शॉकअप हे गॅरेजमधील रूढ शब्दच योजले आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) विदर्भातील शंकरपट आणि आधुनिक ड्रॅग शर्यत यांतील वाहनाच्या तोलाचा तुलनात्मक विचार करणे.
२) नरम स्प्रिंगच्या कल्पनेचा उगम व प्रवास तपासणे.
३) भारतातील मोटारींच्या रचनेत १९८३ नंतर झालेल्या बदलाच्या पार्श्वभूमीवर त्या कल्पनेचे मूल्यमापन करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून पडताळणीसाठी पदार्थविज्ञानातील प्राथमिक नियमांचा आधार घेतला आहे. निबंधातील आकडेमोड ही उदाहरणादाखल असून ती कोणत्याही विशिष्ट कंपनीच्या गाडीची नाही.

शंकरपट : स्प्रिंगविना धावणारे वाहन

पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत म्हणून जो खेळ ओळखला जातो, त्याला विदर्भात शंकरपट किंवा नुसते ‘पट’ म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट सर्वश्रुत आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या प्रदेशात तर दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडी दिवाळीनंतरच्या ग्रामजीवनाचा अविभाज्य भाग बनलेली आहे. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, गावाची बाजारपेठ फुलते. पटाचे हे सामाजिक अंग अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. त्याचे तांत्रिक अंग मात्र दुर्लक्षित राहिले आहे.

पट ही सरळ रेषेतील, थांबलेल्या स्थितीतून सुरू होणारी, अल्प अंतराची शर्यत आहे. वळण नाही, फेऱ्या नाहीत, दमाची परीक्षा नाही. कोठे दोन जोड्या शेजारी सुटतात, तर कोठे एकेक जोडी घड्याळाविरुद्ध धावते. निकाल सेकंदांत आणि अलीकडे सेकंदाच्या शतांशात लागतो. या सर्व लक्षणांनी पट हा ड्रॅग शर्यतीचा सख्खा भाऊ ठरतो. दोन्हींत सुटण्याचा क्षण निर्णायक असतो.

पटाच्या छकड्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शेतमाल वाहणारी बंडी भक्कम असते. तिचा तुंबा जाड, आरे दणकट आणि चाकावरची लोखंडी धाव रुंद असते. माणसांच्या प्रवासासाठीची रेंगी तिच्यापेक्षा हलकी असते. पटाचा छकडा तर केवळ सांगाडा म्हणावा इतका हलका असतो. त्याला स्प्रिंग नसते. धक्का शोषून घेण्याचे काम धुरकऱ्याचे गुडघे करतात. तोल सांभाळण्याचे कामही तोच करतो. तो फार मागे रेलला तर छकडा उलाळ होऊन जू उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याखालचे जोते ताणले जाते. तो फार पुढे झुकला तर मानेवर भार येऊन बैलांची झेप खुंटते. या दोहोंमधील बिंदू शोधणे हे त्याचे कौशल्य होय.

येथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. बैलाच्या खुरांना जमिनीची पकड मिळते ती प्रामुख्याने बैलाच्या स्वतःच्या वजनामुळे. छकडा हा त्याच्यासाठी केवळ ओझे असतो. म्हणून छकडा जितका हलका आणि समतोल, तितका उत्तम. मोटारीत मात्र ओढणारा आणि ओढले जाणारे ओझे एकच असतात. ज्या चाकांना इंजिनची शक्ती पोहोचते, त्या चाकांवर पुरेसा भार असल्याशिवाय त्यांना रस्त्याची पकड मिळत नाही, ती जागच्या जागी फिरतात. त्यामुळे मोटारीत उलाळ हा सदैव दोष नसतो. तो कोणत्या चाकांवर भार टाकतो, यावर त्याचे गुणदोष अवलंबून असतात. पुढील संपूर्ण विवेचन या एका सूत्रावर उभे आहे.

टांगा आणि कमानपाटे : स्प्रिंगचे आगमन

स्प्रिंगवर दिलेला ताण आणि तिच्यात होणारा बदल यांचे प्रमाण समान असते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. वाहनांच्या बाबतीत इंग्लंडमधील ओबाडाया इलियट याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंबवर्तुळाकार कमानपाट्यांचे एकस्व मिळवले आणि घोडागाड्यांच्या रचनेत मोठे परिवर्तन घडले. ब्रिटिश काळात आपल्या शहरांतून रूढ झालेल्या टांग्यांमध्येही कमानपाटे आले.

टांग्याने स्प्रिंग आणली, पण उलाळ संपवला नाही. टांगाही दोन चाकांचाच होता. म्हणून सवाऱ्या बसवताना टांगेवाला जाडजूड व्यक्तीला पुढे आणि सडपातळ व्यक्तीला मागे बसण्याची विनंती करी. ज्यांनी टांग्याने प्रवास केला आहे त्यांना ‘जरा पुढे सरका’ हे वाक्य आठवत असेल. त्या साध्या विनंतीमागे तोलाचे शास्त्र होते.

चार चाकांची मोटार आली तेव्हा उलाळ दृष्टीआड झाला. गाडी मागे कलंडून पडण्याची भीती राहिली नाही. परंतु वेग घेताना तिचे नाक किंचित उचलले जाते आणि ढुंगण बसते, ब्रेक लावताना नेमके उलट होते. उलाळ नाहीसा झाला नव्हता, तो स्प्रिंगांच्या आत लपला होता. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली या अभियंत्याने अमेरिकेत पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा नरम ठेवल्यास प्रवास अधिक सुखकर होतो हे प्रयोगांनी दाखवले. नरम स्प्रिंगचा हा पहिला मोठा पुरस्कार आरामासाठी होता, वेगासाठी नव्हे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील ड्रॅग शर्यत : उंच गाडीकडून ठेंगण्या गाडीकडे

दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर तरुण आपापल्या गाड्या पळवत असत. युद्धानंतर परतलेल्या तरुणांमुळे हे वेड शहरांच्या रस्त्यांवर उतरले आणि अपघात वाढले. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ची स्थापना केली. रस्त्यावरील तरुणांना सुरक्षित, बंदिस्त जागेत आणणे हा तिच्या उद्दिष्टांचा गाभा होता. पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, हे अंतर प्रमाण मानले गेले.

त्या काळातील अमेरिकन मोटारींत इंजिन पुढे आणि शक्ती मागच्या चाकांना अशी रचना सार्वत्रिक होती. म्हणजे उलाळ तेथे वरदान होता. गाडी सुटताच भार मागे सरकावा आणि मागची चाके रस्त्यात रुतावीत, अशी प्रत्येकाची इच्छा होती. त्यासाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘गॅसर’ नावाने प्रसिद्ध झालेल्या गाड्यांची नाके चक्क उंच केली जात. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका भार मागे अधिक सरकतो, हे त्यामागील गणित होते. ज्या शर्यतीसाठी आजचा तरुण गाडी ठेंगणी करू पाहतो, त्याच शर्यतीच्या आरंभकाळात गाड्या मुद्दाम उंच केल्या जात होत्या, हा इतिहासाचा एक बोलका विरोधाभास आहे.

पुढे टायरांची पकड सुधारली. इतका भार मागे टाकण्याची गरज कमी झाली, शिवाय उंच गाडी अंतिम टप्प्यात अस्थिर होऊ लागली. तेव्हा गाड्या हळूहळू ठेंगण्या झाल्या. परंतु पुढच्या स्प्रिंगा नरम ठेवण्याची प्रथा टिकली, कारण नरम स्प्रिंगमुळे नाक सहज उचलले जाते. त्याच्या जोडीला पुढचे शॉकअप असे बनवले गेले की ते चटकन उघडतात आणि सावकाश मिटतात. म्हणजे नाक एकदा वर गेले की काही क्षण वरच राहते.

मागच्या बाजूचा अनुभव मात्र वेगळा होता. मागे कमानपाटे असलेल्या गाडीत आसाला पीळ बसला की नरम पाटे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे मुरडतात आणि चाके रस्त्यावर आदळत उसळू लागतात. म्हणून मागचे पाटे आवळण्यासाठी आडदांडे जोडले जात. तात्पर्य, अमेरिकन स्पर्धकांनीही सरसकट नरम स्प्रिंगा वापरल्या नाहीत. पुढे नरमपणा आणि मागे नियंत्रण, असा तो विवेक होता.

भारतीय मोटार : मागच्या चाकांकडून पुढच्या चाकांकडे

भारतात मोटार शर्यतींचा आरंभही हवाई पट्ट्यांवर झाला. मद्रासजवळील शोलावरम येथील महायुद्धकालीन हवाई पट्टीवर १९५० च्या दशकापासून शर्यती होऊ लागल्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ ची. १९९० मध्ये या क्लबने इरुंगट्टुकोट्टाई येथे स्वतंत्र शर्यतमार्ग उभारला. महाराष्ट्रात २०१० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील अँबी व्हॅलीच्या खासगी हवाई पट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत होऊ लागली आणि मराठी तरुणांना या खेळाचे बंदिस्त, नियमबद्ध रूप पाहावयास मिळाले.

तथापि या दोन कालखंडांच्या मध्ये भारतीय मोटारीच्या पोटात एक क्रांती घडली होती. स्वातंत्र्योत्तर तीन दशके आपल्या रस्त्यांवर प्रामुख्याने दोन गाड्या होत्या. एक हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर आणि दुसरी मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली फियाट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. दोन्हींची शक्ती मागच्या चाकांना जात असे आणि दोन्हींना मागे कमानपाटे होते. या गाड्यांना अमेरिकन अनुभव बऱ्याच अंशी लागू पडला असता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ग्राहकांच्या हाती आली. तिची शक्ती पुढच्या चाकांना जात होती. पुढे झेन, एस्टीम, होंडा सिटी अशा ज्या गाड्या तरुणांच्या आवडीच्या ठरल्या, त्याही याच रचनेच्या होत्या. सामान्य ग्राहकाला या बदलाची जाणीव गाडीच्या आत मोकळ्या झालेल्या जागेपुरतीच झाली. शर्यतीच्या दृष्टीने मात्र सारे समीकरण उलटले. आता वेग घेताना भार मागे सरकला की ज्या चाकांना पकड हवी त्यांचीच पकड कमी होते. अमेरिकन गाडीचे वरदान भारतीय गाडीचा शाप बनले. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे तर उलाळ पुन्हा एकदा दोष ठरला.

नेमक्या याच काळात दूरचित्रवाणी, चित्रपट आणि परदेशी नियतकालिके यांमधून ड्रॅग शर्यतीचे आकर्षण आपल्याकडे आले. त्यासोबत ‘स्प्रिंगा नरम करा, गाडी खाली बसवा’ ही कृतीही आली. कृती आली, पण ती ज्या रचनेसाठी जन्मली होती ती रचना आपल्या रस्त्यांवरून निघून चालली होती. तंत्राच्या प्रवासात असे वारंवार घडते. उपाय प्रवास करतो आणि त्याची अट मूळ गावीच राहते.

नरम स्प्रिंगचे गणित

वरील प्रतिपादन आकड्यांच्या साहाय्याने तपासून पाहू. नरम स्प्रिंग बसवल्याने गाडी ठेंगणी होते हे खरे आहे. समजा, पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि स्प्रिंग १ मिलिमीटर दबण्यासाठी ३ किलो भार लागतो. ती स्प्रिंग १०० मिलिमीटर दबेल. त्याच लांबीची, परंतु २.४ किलोला १ मिलिमीटर दबणारी स्प्रिंग बसवली तर ती १२५ मिलिमीटर दबेल. गाडी २५ मिलिमीटरने खाली येईल.

गॅरेजमध्ये याहून स्वस्त असा एक मार्ग प्रचलित आहे, तो म्हणजे मूळ स्प्रिंगचे वेढे कापणे. यानेही गाडी खाली बसते, म्हणून दोन्ही मार्ग एकच आहेत असा समज आढळतो. वस्तुतः परिणाम उलट होतो. स्प्रिंगचे काम करणारे वेढे जितके कमी, तितकी ती कडक. ८ वेढ्यांतून २ कापले तर स्प्रिंग सुमारे एक तृतीयांशाने अधिक कडक होते. म्हणजे ‘नरम करून खाली’ आणि ‘कापून खाली’ हे दोन भिन्न, परस्परविरुद्ध उपाय आहेत. शिवाय कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत नीट बसत नाही आणि गाडी उसळली असता ती बैठकीतून सुटण्याचा धोका असतो.

आता मुख्य प्रश्न. १००० किलो वजनाच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आणि दोन आसांमधील अंतर २४० सेंटिमीटर आहे असे मानू. गाडीने गुरुत्वाकर्षणाच्या चार दशांश इतकी वेगवाढ घेतली तर सुमारे ८३ किलो भार पुढून मागे सरकतो. पुढच्या चाकांच्या गाडीत स्थिर अवस्थेत पुढे ६०० किलो भार असेल तर सुटताना तो ५१७ किलोवर येतो. गाडी ५ सेंटिमीटर ठेंगणी केली तर सरकणारा भार ७५ किलो होतो. म्हणजे एवढ्या खटाटोपातून पुढच्या चाकांवर राखला जातो तो केवळ ८ किलो भार, दीड टक्क्याच्या आसपास. डिकीतील स्टेपनी आणि जॅक काढून ठेवले तरी गाडीचे यापेक्षा अधिक ओझे कमी होते. अर्थात शर्यत सेकंदाच्या अंशांची असल्याने दीड टक्काही नगण्य नाही. पण तो लाभ ठेंगणेपणाचा आहे, नरमपणाचा नाही.

नरमपणाने काय होते? येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एकूण किती भार सरकतो हे मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, आसांमधील अंतर आणि वेगवाढ यांवर ठरते, स्प्रिंगच्या कडकपणावर नव्हे. स्प्रिंग ठरवते ती त्या क्षणी गाडी किती हेलकावते एवढी गोष्ट. वरील उदाहरणात मागच्या प्रत्येक चाकावर २०० किलो भार आणि तेथील स्प्रिंगची क्षमता मिलिमीटरला २ किलो मानली, तर सुटताना नाक सुमारे १४ मिलिमीटर उचलले जाईल आणि मागचा भाग सुमारे २१ मिलिमीटर बसेल. चारही स्प्रिंगा एक पंचमांशाने नरम केल्या तर हेच आकडे १७ आणि २६ होतील. म्हणजे एकूण हेलकावा ३५ वरून ४३ मिलिमीटरवर जाईल. नाक असे उचलले गेले की पुढच्या चाकांचे कोन बदलतात, टायर रस्त्यावर सपाट टेकत नाही आणि पकड आणखी घटते. ठेंगणेपणाने जे मिळवले ते नरमपणा घालवून बसतो.

म्हणूनच पुढच्या चाकांच्या गाड्या गंभीरपणे ड्रॅग शर्यतीसाठी तयार करणारे मागच्या स्प्रिंगा कडक ठेवतात, जेणेकरून गाडीचा मागचा भाग बसू नये. ठेंगणेपणा हवा असेल तर ते लांबीने आखूड, पण कडकपणात तडजोड न करणारी स्प्रिंग निवडतात. कारण गाडी खाली आली की स्प्रिंगला दबण्यासाठी उरलेली जागा कमी होते. मूळची ८० मिलिमीटर जागा २५ ने घटून ५५ उरली आणि स्प्रिंगही नरम असली, तर पहिल्याच मोठ्या गचक्याला ती रबरी ठोकळ्यावर आदळते. त्या क्षणी स्प्रिंग संपते आणि मोटारीची बंडी होते.

हवाई पट्टी, रस्ता आणि कायदा

हा सर्व विचार गुळगुळीत, बंदिस्त धावपट्टीपुरता आहे. तरुणांच्या गाड्या मात्र दररोजच्या रस्त्यावर धावतात. नरम आणि ठेंगणी केलेली गाडी गतिरोधकावर ऑइल चेंबर घासते, ब्रेक लावताना नाकावर झुकते, चार माणसे बसली की तिचे टायर मडगार्डला लागतात. शर्यत सुटण्याच्या क्षणाचा विचार करून केलेला बदल थांबण्याच्या क्षणी घातक ठरू शकतो. छकड्याच्या शर्यतीतही जोडी थांबवणे हे सोडण्याइतकेच कठीण असते, याची पटाच्या प्रेक्षकांना चांगली जाणीव असते.

कायद्याची भूमिकाही येथे पाहणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व अधोरेखित केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकावर शिक्षेची तरतूद आली. याच अधिनियमाचे कलम १८९ राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी वेगाची शर्यत करण्यास मनाई करते. म्हणजे शर्यत हा मूलतः गुन्हा नाही, संमतीवाचून आणि सार्वजनिक रस्त्यावर केलेली शर्यत हा गुन्हा आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि विदर्भातील तरुणांना प्रथमच इतका सरळ व रुंद रस्ता लाभला. अशा रस्त्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु सरळ रस्ता आणि शर्यतीची धावपट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या बाबतीत शंकरपटाचा अलीकडचा इतिहास उद्बोधक आहे. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती थांबल्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या दीर्घ संघर्षात प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न खरा होता आणि गावांच्या परंपरेचा आग्रहही खरा होता. त्यातून जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि प्राण्यांच्या सुरक्षिततेच्या अटी असा एक मार्ग निघाला. शतकभराच्या खेळाला नियमांत बसवता येते, तर मोटारीच्या खेळालाही त्याच्या जागी आणि त्याच्या नियमांत बसवणे अशक्य नाही. सांता आना येथे १९५० मध्ये हेच घडले होते.

निष्कर्ष

१) शंकरपट आणि ड्रॅग शर्यत यांची बीजरचना एकच आहे. दोहोंमध्ये सुटण्याच्या क्षणी भार कोठे आहे यावर यश अवलंबून असते. ‘उलाळ’ हा मराठी शब्द या दोहोंना जोडणारा दुवा आहे.
२) नरम स्प्रिंगची कल्पना मागच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या अमेरिकन मोटारींच्या अनुभवातून जन्मली आणि तेथेही ती प्रामुख्याने पुढच्या स्प्रिंगांपुरती मर्यादित होती.
३) १९८३ नंतर भारतात पुढच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या मोटारींचे प्राबल्य झाल्याने ही कल्पना आपल्या बहुसंख्य गाड्यांना उलट्या दिशेने लागू पडते. ठेंगणेपणाचा अल्प लाभ नरमपणाने नष्ट होतो.
४) स्प्रिंग नरम करणे आणि स्प्रिंग कापणे हे भिन्न उपाय असून सार्वजनिक रस्त्यावर दोन्ही धोक्याचे आहेत.

शहरातील महाविद्यालयांच्या वाहनतळांवर ठेंगण्या केलेल्या गाड्या अधूनमधून दिसतात. त्यांच्या मालकांना आपण शिस्तीच्या चार गोष्टी सांगतो आणि ते त्या ऐकून सोडून देतात. त्यांना पदार्थविज्ञानाच्या वर्गातील स्प्रिंग आणि स्वतःच्या गाडीतील स्प्रिंग एकच आहे हे मात्र क्वचितच कोणी सांगते. ज्या विद्यार्थ्याचे आजोबा उलाळ झालेली बंडी पाहताच भार पुढे सरकवत होते, तो विद्यार्थी आपल्या गाडीचे नाक उचललेले पाहून अभिमान बाळगतो. आजोबांना जे ठाऊक होते ते नातवाला ठाऊक नाही, कारण मधल्या काळात ज्ञानाची भाषा बदलली आणि तिचा अनुवाद करण्याचे काम कोणी केले नाही. हे काम इतिहासाचे, पदार्थविज्ञानाचे आणि मराठीचे अध्यापक एकत्र येऊन करू शकतात. आंतरविद्याशाखीय अध्ययनाचा पुरस्कार आपण परिसंवादांतून नेहमीच करतो. त्यासाठी एखादा विषय शोधावयाचा असेल, तर तो वाहनतळावर उभा आहे.